घरगुती पापड-लोणच्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. गूगलवर वर येण्यासाठी प्रॉडक्ट पेजमध्ये कीवर्ड किती वेळा टाकावा?

मोजत बसू नका. कोडात तो कीवर्ड्सचा मेटा टॅग असतो ना, तो रँकिंगसाठी आम्ही बघतच नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. तरी 'एसईओ पॅकेज'वाले, म्हणजे गूगलवर वर आणून देतो म्हणणारे, अजून तोच भरून देतात आणि वर बिल लावतात. टायटलमध्ये मालाचं नाव आणि वजन एकदा लिहा, झालं.

त्यापेक्षा हे सांगा, लोणचं संपलं की त्याच्या पेजचं काय करता?

आमचं वेंगुर्ल्याला आमसुलं, आगळ (रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, मीठ घातलेला रस), कोकम सरबत असं घरचंच काम. रातांबे उन्हाळ्यात उतरतात. पाऊस लागायच्या आत जेवढं आगळ होईल तेवढंच वर्षभर विकायचं, दिवाळीच्या आसपास बाटल्या संपतात. वेबसाइट धाकट्या दिरांकडे. भाऊजी पुण्याला कम्प्युटरमधले, तेव्हा त्या विषयात आम्ही तोंड उघडायची सोय नाही. माल संपला की ते पेजच उडवायचे. "वहिनी, रिकामी फळी कोणी गिऱ्हाइकाला दाखवतं का?" मग मे महिन्यात नवं पेज, नवा पत्ता. म्हणजे गूगलच्या लेखी आमचं आगळ दरवर्षी नव्याने जन्माला यायचं. कुणीतरी सोलकढीच्या रेसिपीखाली आपणहून आमची लिंक दिली होती, तीही मेली.

मी कधीपासून सांगत होते, पेज राहू द्या, 'सध्या संपलंय, नवीन आगळ मेअखेर' एवढं लिहा, स्ट्रक्चर्ड डेटात (पेजच्या कोडात गूगलला वाचता यावी म्हणून दिलेली मालाची माहिती) 'आउट ऑफ स्टॉक' करा. ऐकतंय कोण! एका वर्षी त्यांना ऑफिसातून सवड झाली नाही म्हणून पेज वाचलं. उन्हाची काहिली सुरू झाली तशी सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून आपल्या साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं साधन) त्याच पेजवर माणसं दिसायला लागली. शोधत काय होती? 'आगळात मीठ असतं का', 'साखर नसलेलं कोकम', 'सोलकढीला आगळ किती घालायचं'. फोनवर मी रोज हेच सांगते!

मग मीच लिहायला बसले. आगळात मीठ आहे, साखर नाही. कढीत वरून मीठ घालण्याआधी चाखून बघा. गोड हवं तर सरबताची बाटली घ्या, आगळ नको. भाऊजींचा 'निसर्गरम्य कोकणच्या लाल मातीतून' हा परिच्छेद तिन्ही पेजांवर जसाच्या तसा होता, तो काढून टाकला. तिन्हीकडे एकच मजकूर असेल तर गूगलने त्यातलं कुठलं दाखवायचं?

तुम्हीही तेच करा. फोनवर, व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक जे विचारतं ते त्या त्या पेजवर लिहा. तेल कुठलं, किती टिकतं, फ्रिजमध्ये ठेवायचं का.

आता हेही ऐका. नुसत्या 'लोणचं' या शब्दावर तुम्ही ॲमेझॉनच्या वर येणार नाही, तो नाद सोडा. एखादा माल कायमचाच बंद केला असेल तर मात्र पेज ठेवून उपयोग नाही. त्याच्या जवळच्या मालाकडे 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस कायमचा आपोआप तिकडे जाईल, सगळं होमपेजवर ढकलू नका. आणि हजारो वस्तूंचं दुकान असेल तर माझा हिशेब तुम्हाला लागू नाही.

भाऊजी अजून म्हणतात, विक्री वाढली ती उन्हाळ्यामुळे. आधीच्या वर्षांना काय उन्हाळा नव्हता?