आईची ‘शंका’

प्रश्न : मी अकरावीत आहे, न्यू जर्सीत एडिसनला राहते. आईचं इंग्रजी तुटक आहे, त्यामुळे शाळेत, दवाखान्यात मीच तिच्या वतीने बोलते. परवा शाळेत ती ‘आय हॅव अ डाउट’ म्हणाली आणि बाई एकदम तुसड्यासारख्या वागल्या. मी ‘शी हॅज अ क्वेश्चन’ म्हणून सावरलं, पण घरी येऊन आईवरच चिडले. दवाखान्यात आई गुडघ्याचं वेगवेगळं काही सांगते, मी सगळ्याला ‘पेन’च म्हणते. एक दुकानदार तिच्या उच्चारांवरून खोचक बोलला, ते मी तिला सांगितलंच नाही. पुढच्या महिन्यात तिची हॉस्पिटलची अपॉइंटमेंट आहे. दुभाष्याचं काम करिअर म्हणून करता येईल का?

उत्तर : आपल्याकडे वर्गात हात वर करून ‘सर, एक शंका आहे’ म्हणतात. आईने तेच इंग्रजीत म्हटलं. तिथे ‘डाउट’ म्हणजे संशय, म्हणून बाई बिथरल्या. घोळ कुठे झाला हे तुला क्षणात कळलं. दुभाष्याचं निम्मं काम हेच.

करिअर आहे, पण नुसत्या मराठीवर पोट भरेल असं मी म्हणणार नाही. हिंदीही पक्की कर आणि कॉलेजात नर्सिंगसारखं काहीतरी सोबत धर. वैद्यकीय दुभाष्यांच्या ‘सीसीएचआय’ प्रमाणपत्राला वय किमान १८, हायस्कूल पास आणि ४० तासांचं प्रशिक्षण लागतं.

तुझी अडचण मराठीचीच होईल. गुडघ्यात चमक येते, ठणका लागतो, जळजळ होते... आई वेगवेगळं सांगते आणि तू तिन्हीला ‘पेन’ म्हणून मोकळी होतेस, असं तूच लिहिलंयस. डॉक्टर मात्र या फरकावरूनच तपासणीची दिशा ठरवतात. आजीला फोन लाव, असे शब्द वहीत उतरवून घे.

शिवाय दुभाष्याला काही गाळता येत नाही. दुकानदार आईच्या उच्चारांवरून खोचक बोलला, ते तू तिच्यापर्यंत पोचूच दिलं नाहीस. या कामात ते चालणार नाही. (मुलीला चालतं. मीही तेच केलं असतं.)

आईची पुढच्या महिन्यात हॉस्पिटलची अपॉइंटमेंट आहे ना? तिथे तू दुभाषी होऊ नकोस. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलने प्रशिक्षित दुभाषा फुकट द्यायचा असतो, आणि आणीबाणी सोडली तर अल्पवयीन मुलांकडून हे काम करून घ्यायचं नसतं. ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ या अमेरिकेतल्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ खालचे नियम तसेच आहेत. आधीच फोन करून मराठीचा दुभाषा मागा. ‘हिंदी चालेल का?’ विचारलं तर नाही म्हणा. बहुधा तो फोनवरच असेल. तू आईची पर्स सांभाळत शेजारी बस आणि तो ‘चमक’ला काय म्हणतो ते ऐक.