गांजा कायदेशीर करावा का, आणि सोलापूरच्या शेतकऱ्याला त्याचा फायदा होईल का?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. गांजावरची बंदी उठावी का, आणि उठली तर आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतील का. माझं मत आधीच सांगतो. जवळ थोडा गांजा सापडला म्हणून तुरुंग, हे बंद व्हायला हवं. दुकानातून खुली विक्री आत्ता नको. आणि शेतीचं म्हणाल, तर त्या आशेवर सोलापूर जिल्ह्यात कोणी एक गुंठाही अडकवू नये.

आधी कायदा. १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्याची राळ. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांपासून बनणारी भांग या कायद्यातून सुटते. उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत ती त्यामुळेच. पण ‘भांग चालते, मग गांजा का नाही’ हा तुमचा मुद्दा महाराष्ट्रात लागू पडत नाही. इथे १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हाच आहे. रंगपंचमीच्या थंडाईलाही यातून सूट नाही.

एनडीपीएस कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपेक्षा कमी गांजा म्हणजे अल्प मात्रा: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर व्यापारी मात्रा: किमान १० आणि कमाल २० वर्षं, शिवाय १ ते २ लाख दंड. मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत. चरसाला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. लागवडीला मात्र वजनाची पायरीच नाही. बांधाला दोन झाडं असोत की फडात दोनशे, १० वर्षांपर्यंतची शिक्षा आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

जमीन वाट्याने किंवा खंडाने दिली असेल तर कलम ४६ वाचून ठेवा. आपल्या रानात गांजाची झाडं आहेत हे माहीत असून जमीनधारकाने ताबडतोब कळवलं नाही, तर तोही शिक्षेला पात्र होतो. कलम ४७ने हीच जबाबदारी सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवरही टाकली आहे. झाडं दिसली तर स्वतः उपटून विल्हेवाट लावायच्या भानगडीत पडू नका. पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो तोलताना. उसात सापडलेली झाडं मुळं, खोड, पानं, चिकटलेल्या मातीसकट ओलीच तोलली, तर २० किलो सहज भरतात. वाळल्यावर त्याचं जेमतेम पाव वजन उरतं, आणि त्यातला फुलोरा तेवढाच गांजा. पण पंचनाम्यात ओला आकडा गेला की कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नसावा असं मानायला कारण आहे आणि तो सुटून पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. आरोपपत्राची मुदतही १८० दिवसांची. फुलोरा वेगळा न करता सरसकट वजन धरल्याच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिले आहेत. पण तिथवर जायला पैसा लागतो आणि सालगड्याकडे तो नसतो. हैदराबादकडून पुण्याला जाणाऱ्या महामार्गावर ट्रक पकडला की आत जातो तो चालक आणि क्लीनर. माल कोणाचा होता, हे शोधणं अनेकदा तिथेच थांबतं. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या माणसांचाही हिशेब द्यायला हवा.

बंदी परंपरेतून आली, असंही नाही. ब्रिटिशांनी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेऊन सांगितलं होतं की बेताचं सेवन फारसं अपायकारक नाही. पूर्ण बंदीऐवजी कर आणि परवाना हा मार्ग त्याने सुचवला. पुढे भारताने अमली पदार्थांवरचा १९६१चा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्यात गांजा बंद करायला दिलेली २५ वर्षांची सवलत संपत आली तेव्हा १९८५चा कायदा झाला.

मग खुली विक्री का नको? कधी ना कधी गांजा ओढलेल्यांपैकी साधारण दहात एकाला त्याचं व्यसन जडतं. सुरुवात किशोरवयात झाली तर सहात एकाला. रोज, तेही तीव्र माल घेतला तर मनोविकाराचा धोका वाढतो. दारूसारखी फुंकर मारून नशा मोजता येत नाही आणि लघवीत अंश कित्येक दिवस सापडतात. म्हणजे गाडी चालवणारा आत्ता नशेत आहे की चार दिवसांपूर्वी होता, हे रस्त्यावर ठरवता येत नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये बंदी उठवली, नियम नंतर करू म्हणाले, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आले. जर्मनीने २०२४ मध्ये बाळगायला २५ ग्रॅम आणि घरी तीन झाडं अशी मर्यादित मुभा दिली, दुकानं उघडली नाहीत. मला जर्मनीचा क्रम पटतो. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने वैयक्तिक वापराच्या अल्प मात्रेला तुरुंगाऐवजी उपचार सुचवले होते. निदान तेवढं तरी व्हावं.

तोवर घरात कोणी अडकलं असेल तर कलम ६४-अ लक्षात ठेवा. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

आता शेती. कलम १४नुसार वाख (खोडाच्या सालीतला धागा) आणि बियांसाठी भांगेच्या झाडाची लागवड सरकार परवान्याने करू देऊ शकतं. उत्तराखंडने २०१८ पासून तशी परवानगी दिली आहे. तिथे नशा आणणारं टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत राहावं लागतं, आणि मर्यादा ओलांडली तर पीक वाया. आपली खरी अडचण दिवसाच्या लांबीची आहे. हे झाड दिवस लहान झाले की फुलोऱ्यावर येतं. युरोप-कॅनडाचं कमी टीएचसीचं बियाणं उन्हाळ्यातल्या १५-१६ तासांच्या दिवसांवर पोसलेलं. सोलापुरात सर्वांत मोठा दिवसही सुमारे १३ तासांचा. ते बियाणं इथे गुडघाभर वाढून फुलेल आणि वाखाला लांबी मिळणार नाही. देशी बियाणं उंच वाढतं, पण त्यात टीएचसी मर्यादेत राहील याची हमी नाही. शिवाय परागण वाऱ्याने होतं, त्यामुळे शेजारच्या चोरट्या झाडांचा पराग पुढच्या वर्षीचं बियाणं बिघडवतो. वाख सोडवायला पेंढ्या कुजवाव्या लागतात, आणि सरासरी ५४५ मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात त्यासाठी पाणी आणायचं कुठून? यंत्राने साल सोलणारा कारखाना जवळ नसेल तर काड्या वाहून नेण्यातच भाव संपतो.

वाखाचंच पीक करून बघायचं असेल तर अंबाडी लावा. पानं भाजीला येतात, बियाणं इथलंच, परवाना लागत नाही. तुरीच्या कडेने दोन ओळी टाका. वाख हवा असेल तर फुलं लागताच कापा, बी हवं असेल तर बोंडं वाळेपर्यंत थांबा. हिचं पान गांजासारखंच बोटाबोटांचं दिसतं म्हणून कोणी हटकलं, तर एक पान चावून दाखवा, आंबट लागेल.