वाचकांचे प्रश्न : चॉकलेटात बुडवलेले मार्शमॅलो

या वेळच्या पत्रांत मार्शमॅलोबद्दल बरंच काही आहे, पण तक्रारी नीट पाहिल्या तर बहुतेक चॉकलेटच्याच आहेत.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला तीसेक मार्शमॅलो चॉकलेटात बुडवून द्यायचे आहेत. चॉकलेट कोणतं आणि किती घ्यावं? (सदाशिव पेठ)

सरळ डार्क कंपाउंड घ्या. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती फॅट असतं, त्यामुळे टेंपरिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक अंशांपर्यंत तापवून-निववून चकाकी आणण्याची कटकट न करता ते आपोआप थिजतं. चव खऱ्या चॉकलेटची नाही हे मान्य, पण मार्शमॅलो मुळातच इतका गोड असतो की पोरांना फरक कळत नाही. मिल्क कंपाउंड मात्र टाळा, गोडावर गोड होतं. बेकिंगच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात कंपाउंडचे स्लॅब मिळतात. रविवार पेठेत कागदी काड्या आणि पारदर्शक पिशव्याही त्याच फेरीत होतील.

३० नगांना साधारण २५० ग्रॅम लागतं, पण बुडवायला खोली हवी म्हणून ३५० वितळवा आणि अरुंद, उंच कपात ओता. उरलेलं बटर पेपरवर पसरून थिजवलं की पुन्हा वापरता येतं.

पाकिटातल्या मार्शमॅलोवर कॉर्नफ्लोअरची पूड असते. ती कोरड्या ब्रशने झटका, नाहीतर चॉकलेट नीट धरत नाही. काडीचं टोक चॉकलेटात बुडवून मार्शमॅलोत दोन-तृतीयांश खुपसा आणि दहा मिनिटं थांबा. ही पायरी गाळली की ऐन वेळी मार्शमॅलो काडीवरून घसरून कपात पडतो. चॉकलेट ४० अंशांच्या आसपास, म्हणजे बोटाला कोमट लागेल इतपत असावं. बुडवून काढल्यावर मनगट कपाच्या काठावर चार-पाचदा हलकेच आपटा. जास्तीचं चॉकलेट निथळलं नाही, तर बटर पेपरवर ठेवल्यावर खाली थारोळं साचतं. वरून जे काही लावायचं ते मिनिटभरात लावा. पिस्त्याचे काप चालतात, डेसिकेटेड कोकोनट चालतं. आमची पसंती श्रूजबेरी बिस्किटाच्या जाडसर चुऱ्याला.

प्रश्न : डबल बॉयलरवर चॉकलेट छान वितळलं होतं. थोडं पातळ करायला चमचाभर दूध घातलं आणि सगळ्याचा गोळा झाला. (वारजे)

वितळलेलं चॉकलेट म्हणजे फॅटमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात थोडंसं पाणी गेलं की साखर ओलसर, चिकट होते आणि कण एकमेकांना धरून बसतात. दूध, ओला चमचा, वाफेचे दोन थेंब, कशानेही हेच होतं. लोण्यातही पाणी असतं, म्हणून तेही नको. पातळ करायचंच असेल तर २०० ग्रॅमला एक लहान चमचा रिफाइंड तेल किंवा खाण्याचं खोबरेल. त्याहून जास्त घातलं तर आवरण बोटाला लागत राहतं.

गोळा झालेलं टाकून देऊ नका. १०० ग्रॅमला ६०-७० मिली कडकडीत दूध घालून घोटा, आइस्क्रीमवर घालायला सॉस होईल. बुडवण्यासाठी मात्र ते गेलंच.

पुढच्या वेळी खालचं पाणी उकळलं की गॅस बंद करा, मगच वरचं भांडं ठेवा. त्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये, आणि उचलल्यावर तो आधी पुसा; तिथलेच थेंब ओतताना कपात जातात. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर ३०-३० सेकंद आणि दर वेळी ढवळणं. चॉकलेटचा तुकडा बाहेरून तसाच दिसतो पण आतून वितळलेला असतो, त्यामुळे नजरेवर विसंबू नका.

प्रश्न : मार्शमॅलो फ्रीजमध्ये ठेवून मग बुडवले. दुसऱ्या दिवशी आवरणाला तडे गेले आणि चिकट थेंब बाहेर आले. (हडपसर)

मार्शमॅलोत निम्म्याच्या आसपास हवा असते. थंडीने ती आकसते, त्यावर चॉकलेट घट्ट होतं आणि घरच्या तापमानाला आल्यावर आतली हवा फुगते. कडक आवरणाला ताणता येत नाही, म्हणून तडा. मार्शमॅलो घरच्या तापमानालाच बुडवा.

थेंब कुठून आले ते बारकाईने पाहा. बहुतेकदा काडीच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलेलं असतं आणि आतला पाक तिथूनच वाट काढतो. बुडवताना चॉकलेट काडीवर दोन-तीन मिलिमीटर चढू द्या म्हणजे तोंड बंद होईल.

थिजायला टेबलच बरं. एप्रिल-मे महिन्यात ते जमत नाही, तेव्हा फ्रीजमध्ये ८-१० मिनिटं, त्याहून जास्त नाही. पावसाळ्यात फ्रीजमधून काढलं की दमट हवेचं पाणी आवरणावर जमतं, साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरा थर राहतो. तेव्हा फ्रीजमध्ये ठेवायचेच असतील, तर हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा बाहेर काढून घरच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

प्रश्न : महागडं कुव्हर्चर (भरपूर कोको बटर असलेलं खरं चॉकलेट) वापरलं तरी चकाकी नाही, वर करडे पट्टे आले. (बाणेर)

टेंपरिंग झालं नाही. ३०० ग्रॅम डार्कपैकी २०० ग्रॅम ४५-४८ अंशांपर्यंत वितळवा, मग उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून घाला आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहा. सुरीच्या टोकावर थोडं लावून पाहा : पाच मिनिटांत चकाकीसह घट्ट झालं तर बुडवायला घ्या. खोली २०-२२ अंशांची हवी. पुण्यात एसीशिवाय हे डिसेंबर-जानेवारीत जमतं; मे महिन्यातल्या दुपारी हट्ट धरू नये.

प्रश्न : मार्शमॅलो घरी करता येईल का? आणि शाकाहारी? (कसबा पेठ)

जिलेटिनचा येतो. २० ग्रॅम जिलेटिन १०० मिली गार पाण्यात भिजवा. ३०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि १०० मिली पाण्याचा गोळीबंद पाक करा : गार पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी व्हावी. कृतींमध्ये ११५ अंश लिहिलेलं असतं, पण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून थर्मामीटरवर ११३ला थांबा, नाहीतर मार्शमॅलो चिवट होतो. पाक धारेने जिलेटिनवर ओतत बीटरने १०-१२ मिनिटं फेटा, तेल लावलेल्या ८ इंची टिनात रात्रभर ठेवा आणि कॉर्नफ्लोअर व पिठीसाखर समसमान भुरभुरून कापा.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, त्यामुळे हे शाकाहारी नाही. चायना ग्रास वापरून पाहाल, तर ते घट्ट होतं पण लवचीक होत नाही, वर पाणी सोडतं आणि ते पाणी चॉकलेटचा घात करतं. शाकाहारी हवा असेल तर हिरव्या खुणेचं तयार पाकीट आणा.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे, त्याला द्यावा का? (बिबवेवाडी)

नको. चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात मार्शमॅलो अडकू शकतो. त्याला कपात उरलेल्या चॉकलेटात बुडवलेलं केळं द्या, तेही बिनकाडीचं आणि बारीक तुकडे करून.