ताई, बाहेर इंग्रजी शिकवायला जाऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सुदामा नगरात राहते, वय २७, इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड. झालंय, तीन वर्षांपासून भंवरकुआँला एका कोचिंगमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवून राहिलेय, पगार सांगण्यासारखा नाही. विजय नगरचा एक एजंट म्हणतो व्हिएतनामला टीचर पाहिजेत, सव्वा लाख भरा, आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे पोचलं की वर्क परमिट आपोआप होतं. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. पण जाहिरातींत सगळीकडे नेटिव्ह स्पीकरच पाहिजे असं असतं, तर मी आधी ॲक्सेंटचा क्लास लावू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : अगं, आधी बाबांना सांग एफडीला हात लावू नका.

आपोआप काही होत नसतं. वर्क परमिटला डिग्री, शिकवण्याचं सर्टिफिकेट, पोलीस क्लीअरन्स लागतं आणि हे कागद इथूनच शिक्के मारून न्यावे लागतात, मग तू तिथे टुरिस्ट म्हणून बसलीस आणि डिग्री इथे कपाटात, तर करणार काय? टुरिस्ट व्हिसावर शिकवणं बेकायदा, त्यात कोणी पगार बुडवला तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? आणि एजंटचं म्हणशील तर परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे सरकारचं लायसन्स लागतं, सरकारच्याच ई-मायग्रेट या साइटवर त्याचं नाव टाकून बघ, आणि त्याला फी घेता येते फार तर ३०,००० रुपये वर जीएसटी, तीही पावती देऊन. सव्वा लाख कुठले मग?

आता ते नेटिव्ह स्पीकर. यात जिभेचा संबंध फार कमी, पासपोर्टचा जास्त. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिकवायचा ई-२ व्हिसा घे, तो मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या लोकांसाठी. भारताशी २०१० पासून जो व्यापार करार आहे त्यात आपल्या शिक्षकांना सरकारी शाळांत इंग्रजीचे सहायक म्हणून वाट ठेवलीये, पण तिथेही डिग्री आणि शिक्षकाची पात्रता बघतात, उच्चार नाही. म्हणजे क्लासचे पैसेही वाचले बघ.

तुझ्याकडे जे आहे ना बी.एड., ते तू प्रश्नात एका शब्दात उरकलंस, आणि खरी किंमत त्याचीच आहे. मस्कत, दोहा, कुवेत, दुबईत सीबीएसईच्या शाळा आहेत, तिथे इंग्रजीचे टीचर भारतातूनच घेतात आणि बी.एड. मागतात. मी मस्कतला होते तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये केरळच्या निम्म्या बायका आणि आपल्या माळव्यातली मी एकटी, कारण आपल्याकडे अर्जच कोणी करत नाही, सगळे एजंटच्या खुर्चीसमोर. शाळांच्या साइटवर करिअरचं पान असतं, तिथे सरळ अर्ज टाक. फक्त पगाराचा आकडा ऐकून हुरळू नकोस, एक ओमानी रियाल म्हणजे दोनशेच्या वर रुपये हे ऐकायला छान वाटतं पण घरभाडंही रियालमध्येच जातं, म्हणून राहायची सोय, वर्षाचं तिकीट, मेडिकल हे काँट्रॅक्टमध्ये लिहिलंय का ते सही करायच्या आधी विचार. मी विचारलं नव्हतं, पहिलं वर्ष खोलीभाड्यातच गेलं.

कोर्सबद्दल कोणी सांगेलच तुला. नुसते व्हिडिओ बघून मिळणारं टीईएफएल, म्हणजे परक्या लोकांना इंग्रजी शिकवायचं सर्टिफिकेट, सध्या घेऊ नकोस. पुढे भाषा शिकवणाऱ्या संस्थांकडे वळायचं असेल तर केंब्रिजचं सेल्टा कर, तेही इंग्रजी शिकवायचंच सर्टिफिकेट, साधारण १२० तासांचं असतं आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवून दाखवावं लागतं, मागे बसून कोणीतरी बघत असतं, भीती वाटते पण शिकायला तिथेच मिळतं.

राहिले कागद. ओमानला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, चालतं, दुबईसाठी वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. पण दोन्हीकडे आधी मूळ डिग्री हातात पाहिजे, आणि आपल्याकडे अर्धे लोक मार्कशीटवरच निभावून नेतात, डिग्री युनिव्हर्सिटीतून काढतच नाहीत. तू काढलीयेस का? नसेल तर सोमवारी आरएनटी मार्गावर युनिव्हर्सिटीत जा, पोहे खाऊन जा, खिडकीवर बराच वेळ लागतो.