इंग्लिशमधला ओन्ली वाक्यात नेमका कुठे लावायचा? शेवटी लावला तर चुकतं का?

शेवटी लावला की चुकतंच असं नाही. चेकवर "रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली" लिहितो ते बरोबरच आहे, पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून. पण आपण बोलताना जो लावतो तो बऱ्याचदा चुकतो, कारण डोक्यात आधी मराठीतला च येतो आणि आपण त्याचा सरळ ओन्ली करून मोकळे. इकडे जळगाव भुसावळकडे कोणालाही विचारा कुठले तुम्ही, "आय ॲम फ्रॉम जळगाव ओन्ली". भारतात सगळ्यांना कळतं हो, पण बाहेरच्या माणसाला ते विचित्रच वाटतं.

आपला च दोन कामं करतो बघा. "मला भरीतच पाहिजे" म्हणजे बाकी काही नको, इथे ओन्ली बसतो, आय वॉन्ट ओन्ली भरीत. पण "तो आत्ता इथेच होता" यात काही वगळायचं नसतं, नुसता जोर द्यायचा असतो आणि ते काम ओन्लीचं नाही, तिथे "ही वॉज राइट हियर" म्हणायचं. मी तर सरळ "च" काढून त्याजागी "फक्त" हा शब्द टाकून बघतो, अर्थ तोच राहिला तर ओन्ली लावा. "फक्त भरीत पाहिजे" जमतं, "तो फक्त इथे होता" नाही जमत. वेळेचं मात्र वेगळं, "तो कालच आला" ला "ही केम ओन्ली यस्टरडे" एकदम बरोबर, "फक्त" हा शब्द तिथे बसत नसला तरी.

आता जागा. ज्याला मर्यादा घालायची त्याच्या लगेच आधी ठेवा. "ओन्ली आय सोल्ड बनानाज टू हिम" म्हणजे त्याला केळी विकणारा मी एकटा, "आय सोल्ड ओन्ली बनानाज टू हिम" म्हणजे केळीच दिली, कापूस बिपूस नाही, आणि "आय सोल्ड बनानाज ओन्ली टू हिम" म्हणजे दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलीच नाही. बोलताना इंग्रज लोक स्वतःच "आय ओन्ली सोल्ड" असं क्रियापदाआधी टाकतात आणि बाकीचं आवाजातल्या जोरावर भागवतात, ती काही चूक नाही, क्लासवाले काही का म्हणेनात.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असाल तर एवढं अजून बघा, "ओन्ली देन" ने वाक्य सुरू झालं की पुढे क्रम उलटतो, "ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड". "ओन्ली आय अंडरस्टूड" मध्ये नाही उलटत, कारण तिथे ओन्ली कर्त्यालाच लागलाय.