नव्या गिलाव्यावर मोठी टाईल आणि सोमवारची घाई

प्रश्न: नमस्कार. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचा जुना फ्लॅट आहे, बाथरूम पूर्ण फोडून भिंतींना नवीन सिमेंटचं प्लास्टर केलंय, आज नववा दिवस. २ बाय ४ फुटाच्या व्हिट्रिफाइड टाईल्स आणून ठेवल्यात, छतापर्यंत लावायच्यात. मिस्त्री म्हणतो सोमवारी चालू करतो, सिमेंटच्या स्लरीवर (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटवर) मस्त बसतात, केमिकल म्हणजे नुसती दुकानदाराची कमाई. दुकानदार म्हणतो बादलीतली तयार पेस्ट न्या, कालवायची कटकटच नाही. भाचा म्हणतो मामा, पिशवीतलं अ‍ॅडेसिव्हच घ्या. १५ दिवसांनी घरी मुलीचा साखरपुडा आहे म्हणून घाई. कोणाचं ऐकू?

उत्तर: भाच्याचं ऐका, पण सोमवारी नाही.

आधी एक करा. त्या टाईल्समधली एक उलटी ठेवा आणि पाठीवर बोटाने पाण्याचे दोन थेंब सोडा. घरात कुठे जुनी लाल पाठीची आठ बाय बारावाली टाईल पडली असेल तर तिच्यावरपण सोडा. जुनी टाईल बघता बघता पाणी पिऊन टाकेल, आणि तुमच्या नव्या टाईलवर थेंब वरच बसून राहील, आत शिरणार नाही. सगळी गोष्ट या थेंबात आहे. सिमेंटची स्लरी टाईलला धरते ती पाठीच्या बारीक छिद्रांत शिरून, आणि व्हिट्रिफाइड टाईल तिच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी घेत नाही, मग स्लरी शिरणार कुठे? तुमचा मिस्त्री खोटं बोलत नाहीये, त्याने आयुष्यभर पाण्यात भिजवून ज्या टाईल्स लावल्या त्या खरंच स्लरीवर बसायच्या, पण टाईल बदलली आणि हात तोच राहिला.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. सिडकोतल्या आमच्या घरी रात्री दोनला बाथरूममधून धाडकन आवाज, मांजर असेल म्हणून उठलो तर शॉवरखालची टाईल खाली चार तुकड्यांत. उचलून बघितलं तर पाठ धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ, आणि भिंतीवर सिमेंटचे पाच गोळे जसेच्या तसे, परातीत लाडू मांडल्यासारखे. चार कोपऱ्यांत चार, मधे एक, बाकी सगळं पोकळ. तुमची २ बाय ४ ची एक टाईल १४-१५ किलोच्या आसपास भरेल, ती पायावर पडली तर काय होईल ते मी लिहायला नको.

आता बादली. त्यातली पेस्ट हवेने सुकते. तुमच्या टाईलला छिद्रं नाहीत आणि मागे वॉटरप्रूफिंगचा थर असणार, म्हणजे दोन्हीकडून दार बंद, मधली पेस्ट आठवडेच्या आठवडे ओली राहू शकते आणि वरून रोज अंघोळीचं पाणी. छोट्या सिरॅमिक टाईलला किचनच्या ओट्यामागे ठीक आहे, इथे नको.

पिशवीतलं अ‍ॅडेसिव्ह सिमेंट आणि पॉलिमरचं असतं, ते पाणी सुकून नाही तर पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन घट्ट होतं. पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा नंबर आणि पुढे टाइप लिहिलेला असतो तो वाचा. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी. व्हिट्रिफाइडला टाइप २ च्या खाली उतरायचंच नाही, आणि तुमची साईज, भिंत, खालचं वॉटरप्रूफिंग बघता मी तरी टाइप ३ घेईन. सोबत ‘टी’ अक्षर असेल तर उत्तम, म्हणजे उभ्या भिंतीवर टाईल खाली घसरत नाही. पाच बाय सातचं बाथरूम धरलं तर २० किलोच्या सहाएक पिशव्या लागतील, टाईल्सच्या बिलापुढे हा खर्च काहीच नाही.

पण खरी अडचण पिशवी नाहीये, भिंत आहे. नवं प्लास्टर सुकताना आकसतं, त्याला बारीक तडे जातात, आणि ते आकसणं चालू असताना तुम्ही वरून न आकसणारी टाईल चिकटवली की ताण मधल्या थरावर येतो, मग जगातलं सगळ्यात महाग अ‍ॅडेसिव्ह आणा. सात दिवस पाणी मारलंय ना नीट? (मारलंय म्हणजे सकाळी एकदा मग्गाभर उडवलं असं नाही, भिंत दिवसभर ओली पाहिजे.) मारलं असेल तर आता सुकू द्या आणि प्लास्टरला एकूण २८ दिवस होऊ द्या. हे दिवस फुकट नाही जात, आठवडाभर भिंत सुकली की वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारून घ्या, पहिला आडवा दुसरा उभा, आणि फरशीत पाणी भरून २४ तास तरी ठेवा म्हणजे खालच्या शेजाऱ्यांशी संबंध टिकतील.

वॉटरप्रूफिंगच्या आधी भिंत रुपयाच्या नाण्याने वाजवून बघा, बद्द आवाज आला की तेवढं प्लास्टर फोडून परत करायला सांगा. वरून नीरू (चुन्याचा पातळ थर) घोटून गुळगुळीत केलं असेल तर तो थर खरवडून काढा आणि टाचे मारून घ्या, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा.

लावताना तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. टाईलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी पावडर असते, गुजरातच्या मोरबीहून येणाऱ्या मालावर बघाल तर बोट पांढरं होतं, ती ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, नाहीतर अ‍ॅडेसिव्ह पावडरीला चिकटतं आणि टाईल मोकळी. दुसरं, भिंतीवर दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा आणि टाईलच्या पाठीवरपण पातळ हात, गोळे अजिबात नाही. पहिल्या टाईल्सपैकी एक लगेच उपटून बघा, पाठ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे. मिस्त्री वैतागेल, वैतागू दे. तिसरं, टाईलला टाईल चिकटवून लावायची नाही, मधे फट ठेवणारा २ मिलीमीटरचा स्पेसर घालायचाच.

साखरपुड्याला बाथरूम अर्धवट दिसणार, त्याला इलाज नाही. दाराला पडदा लावा आणि पाहुण्यांना शेजारच्यांचं दाखवा.

प्रश्न: सातपूरला आमच्या बाथरूमच्या भिंतीला बिल्डरने जिप्सम प्लास्टर केलंय, त्यावरच टाईल्स चालतील का? खूप गुळगुळीत आहे हो.

उत्तर: नाही ताई. गुळगुळीत आहे म्हणून नाही, ते जिप्सम आहे म्हणून. ओलाव्यात जिप्सम आणि सिमेंट एकमेकांशी रिअ‍ॅक्ट होतात, मधे फुगणारा थर तयार होतो आणि टाईल ढकलली जाते. शिवाय जिप्सम पाण्याने मऊ पडतं ते वेगळंच. बाथरूमपुरतं काढून सिमेंटचं करून घ्या, आणि मग वरच्या काकांसारखीच वाट बघा.

प्रश्न: अ‍ॅडेसिव्हला टाईल भिजवून घ्यायची का? मे महिन्यात काम काढलंय.

उत्तर: टाईल भिजवायची नाही, कोरडीच. मे महिन्यात नाशिकला दुपारी भिंत तापलेली असते, कालवलेल्या मालावर पटकन साय धरते. काम सकाळी करा, माल थोडा थोडा कालवा, कालवून पाच मिनिटं ठेवून परत एकदा ढवळा. भिंतीवर लावलेल्या मालाला बोट लावा, बोटाला चिकटला तर टाईल बसवा, नाही चिकटला तर खरवडून टाका. घमेल्यात घट्ट झालेल्या मालात पाणी घालून परत वापरायला मिस्त्री बघेल, तिथे तेवढा वाईटपणा घ्या.