हवेची कयाक घेताय? आधी तळ बघा

साताऱ्यात राहून पहिली फुगवायची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घेत असाल, तर रंग नि सीट नंतर. आधी तळ बघा. साध्या फुगीर तळाची हलकी आणि स्वस्त, पण वाऱ्यात भरकटते. ड्रॉप-स्टिच तळ (वरचा-खालचा थर आतून असंख्य धाग्यांनी जोडलेला) ८ ते १० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) भरता येतो नि कडक होतो, कयाक सरळ चालते. बाजूच्या नळ्यांना मात्र बहुधा २-३ पीएसआय पुरतात. कंपनीने दिलेला आकडाच पाळा, पंपाला प्रेशर गेज हवंच.

आपल्याकडे खरा शत्रू ऊन. सकाळी गच्च भरलेली कयाक कण्हेर धरणाच्या काठावर दुपारभर उन्हात ठेवली, तर आतली हवा प्रसरण पावते आणि शिवण सुटू शकते. पाण्याबाहेर काढली की थोडी हवा सोडा, सावलीत ठेवा. काठावर बाभळीचे काटे; ओढू नका, उचला.

बामणोलीचा शिवसागर जलाशय मोहात पाडतो, पण शेजारी कोयना अभयारण्य आहे, आधी परवानगीची चौकशी करा. सकाळी लवकर उतरा, जाताना वाऱ्याविरुद्ध वल्हवा, म्हणजे दमल्यावर वाराच परत आणतो. लाइफ जॅकेट पट्टीच्या पोहणाऱ्यानेही घालायचं. पावसाळ्यात कृष्णेत? सांगलीकरांना विचारा! आणि घडी घालण्याआधी पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी ठरलेली.